होगनचे पाच धडे आणि एक लंबक

गोल्फच्या स्विंगला सुरुवातीपासून शेवटापर्यंत दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्यात पावलांपासून मनगटांपर्यंत सगळं शरीर कामाला लागतं आणि चेंडूला क्लबचं तोंड लागतं त्या क्षणी पुढचं सगळं ठरून गेलेलं असतं. एवढ्याशा हालचालीवर बेन होगनने १९५७ साली सुमारे सव्वाशे पानांचं पुस्तक केलं: 'फाइव्ह लेसन्स: द मॉडर्न फंडामेंटल्स ऑफ गोल्फ'. ते आजही छापलं जातं, विकत घेतलं जातं आणि त्यावर हिरिरीने वाद होतात. खेळ शिकवणाऱ्या पुस्तकांना एवढं आयुष्य सहसा लाभत नाही. साधनं बदलतात, क्लब लाकडाचे होते ते धातूचे होतात, चेंडू लांब जाऊ लागतो आणि कालची शिकवण जुनी होते. होगनचं पुस्तक टिकलं, याचं कारण मला त्याच्या लिखाणाच्या घडणीत दिसतं.

पुस्तकाची मांडणी वरवर पाहता अगदी साधी आहे. पहिला धडा क्लब धरायचा कसा, दुसरा उभं राहायचं कसं, तिसरा स्विंगचा पूर्वार्ध, चौथा उत्तरार्ध आणि पाचवा उजळणी. एक सलग हालचाल तुकड्यांत कापली की शिकणाऱ्याचे हाल होतात, हा सगळ्या शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. माणूस मनगटाचा विचार करतो तेव्हा खांदा विसरतो, खांदा आठवला की गुडघा सुटतो. होगनही कापतो, पण करून पाहायला सराव देताना तो कापलेल्या दोन तुकड्यांच्या मधली जागा निवडतो. उभं राहणं आणि स्विंग यांच्या मध्ये एक सराव. स्थिर असणं आणि हालचाल सुरू होणं यांच्या मध्ये एक. क्लब मागे जाणं आणि पुढे येणं यांच्या मध्ये एक कल्पनाचित्र. तुकडे समजून घेण्यासाठी आणि सराव सांधण्यासाठी, अशी ही योजना आहे. एकदा ती लक्षात आली की पुस्तक वेगळंच वाचलं जातं.

पुस्तकाला तिघांचे हात लागले आहेत. शब्द नीट बसवले हर्बर्ट वॉरन विंड या लेखकाने. अमेरिकन गोल्फचा इतिहास त्याने १९४८ मध्येच लिहिला होता आणि खेळावर शांत, तपशीलवार गद्य लिहिण्यात त्याचा हातखंडा होता. चित्रं काढली अँथनी रॅव्हिएलीने. ही मजकुराची आणि चित्रांची मालिका आधी १९५७ च्या मार्चपासून 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये पाच हप्त्यांत आली, मग पुस्तक झालं. रॅव्हिएली मानवी शरीराचा अभ्यास असलेला चित्रकार होता. काळ्या लेपाच्या फळीवर टोकदार हत्याराने खरवडून पांढऱ्या रेषा उमटवायच्या, ही त्याची पद्धत. फोटोत शर्टाच्या सुरकुत्या दिसतात, मागची झाडं दिसतात, ऊन दिसतं. रॅव्हिएलीच्या चित्रात दंडाच्या आत स्नायू कुठल्या दिशेने ताणलाय ते दिसतं. जे डोळ्यांना दिसत नाही पण अंगाला जाणवतं, ते कागदावर आणणं हे या चित्रांचं काम आहे, आणि सरावाचं वर्णन वाचताना आपली नजर मजकुरावरून चित्राकडे आणि पुन्हा मजकुराकडे जात राहते. चित्रं काढून घेतली तर हे पुस्तक निम्मंही उरणार नाही.

मुळात होगनचा वाचकाविषयीचा भाव मला फार मोलाचा वाटतो. सर्वसाधारण अंगकाठीच्या माणसाने पाया नीट घातला तर तो एका फेरीत ऐंशी फटक्यांच्या आत खेळू शकेल, असा त्याचा दावा आहे. हौशी खेळाडूंना ऐंशीच्या आतला खेळ किती दुर्मीळ असतो हे मैदानावर जाणारा कोणीही सांगेल. हा दावा करणारा माणूस स्वतः जन्मजात देणगीच्या गोष्टी सांगण्याच्या स्थितीत नव्हता. जन्म १९१२ चा, टेक्सासमधला; वडील लोहार. होगन नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांनी आत्महत्या केली. पोरवयात तो फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर कॅडी म्हणून लोकांच्या बॅगा वाहत होता. १९३० मध्ये व्यावसायिक झाला आणि एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा जिंकायला १९४० उजाडलं. मधली दहा वर्षं चेंडू डावीकडे वळून पळायचा. हूक नावाची ही व्याधी त्याचा पिच्छा सोडत नव्हती. या दहा वर्षांत त्याने जे शोधलं ते या पानांत आहे, म्हणून त्यात उपदेशकाचा सूर नाही. 'हे मी करून पाहिलंय, तुम्हीही करून पाहा' असा सूर आहे.

पहिला धडा मी भरभर वाचतो. ग्रिप महत्त्वाची आहेच, पण त्यातला एक छोटा प्रयोग तेवढा थांबून करण्यासारखा आहे. क्लब डाव्या हाताच्या तर्जनीच्या आकड्यात अडकवायचा, दांड्यावर तळहाताच्या मनगटाकडची मांसल गादी टेकवायची आणि बाकी बोटं सोडून क्लब उचलायचा. घरातली छत्री घेऊनही हे करता येतं. पकड मुठीच्या जोरावर असते असा आपला समज असतो. इथे दोनच जागांनी भार पेलला जातो आणि मूठ आवळायची गरजच नव्हती हे बोटांना कळतं. उजव्या हाताचं तसंच: अंगठा आणि तर्जनी दांड्यावरून उचलून सराव करायला तो सांगतो, कारण रोजच्या कामांत हीच दोन बोटं पुढे पुढे करतात आणि तीच खांद्याच्या ताठर स्नायूंना जागं करतात. ढवळाढवळ करणाऱ्यांना बाहेर बसवून बाकीच्यांना कामाला लावायचं, ही होगनची खास रीत पुढेही दिसत राहते.

माझ्या मते या पुस्तकाचा प्राण दुसऱ्या धड्याच्या अखेरीस आहे. धडा उभं राहण्याचा आहे. पावलं किती अंतरावर, उजवं पाऊल कसं, डावं कसं, गुडघे किती वाकलेले, पाठ कशी, हे सगळं झाल्यावर तो हातांकडे येतो. दोन्ही हात जितके एकमेकांजवळ राहतील तितके ते एक होऊन काम करतील, हे सांगताना दोन्ही हात मनगटापर्यंत दोरीने बांधून टाकल्यासारखे समजा, असं तो म्हणतो आणि रॅव्हिएली ते बांधलेले हात काढून दाखवतो. कोपरांच्या खळग्या आभाळाकडे, कोपरांची टोकं खुब्याच्या हाडांकडे. हे करून पाहिलं की पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं. मग तो सराव देतो.

कोपरं शक्य तितकी अंगाला चिकटवायची. दंडांचा वरचा भाग छातीच्या बाजूंवर दाबून धरायचा. क्लब हातात घेऊन छोटा झोका मागे, छोटा झोका पुढे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मध्ये थांबायचं नाही. हातांनी स्वतःहून काहीच करायचं नाही. शरीर वळेल तसे त्यांनी जायचं. जुन्या उभ्या घड्याळाचा लंबक ज्या नियमाने हलतो त्या नियमाने क्लब हलला पाहिजे, असं तो सांगतो.

या वर्णनात सूचना अगदी थोड्या आहेत. पावलांचा अंश, क्लबची उंची, मनगटाचा कोन यांपैकी कशाचीही आठवण करून दिलेली नाही. वाचकाच्या डोक्यात फक्त लंबक उरतो. हीच लेखनातली कमाल आहे. आधीच्या पानांवर त्याने अंगाचा एकेक अवयव नाव घेऊन जागेवर बसवला आणि नेमक्या या वेळी सगळी नावं पुसून टाकली. लंबकाला अवयव नसतात. त्याला लय असते, वजन असतं आणि एक टांगलेला बिंदू असतो. सुसूत्रता म्हणजे एकावेळी दहा गोष्टी लक्षात ठेवणं अशी शिकणाऱ्याची समजूत असते, आणि ती मोडायला व्याख्यान पुरलं नसतं.

सराव स्वतः करताना जे होतं तेही सांगतो. पहिले काही झोके हातच घेतात; सवय असते. छाती नुसती उभी असते आणि दंड तिच्यावर घासून मागे-पुढे होतात. काही वेळाने दंड दाबून धरल्यामुळे हातांना सुटं जाता येत नाही आणि छातीला वळावंच लागतं. छाती वळली की पोटाच्या कडेचा स्नायू ताणला जातो, मग तो कमरेला ओढतो, आणि कमरेमुळे डावा गुडघा आपणहून आत येतो. गुडघा आत घ्यायचा हे कोणी सांगितलेलं नसतं. झोका वाढवत नेला की एका टप्प्यावर कोपरं अंगापासून थोडी सुटायला लागतात आणि तरीही छातीचा नि हातांचा धागा तुटत नाही. तोच मोठ्या स्विंगचा आरंभ असतो. मी हा सराव गच्चीवर चेंडूशिवाय करतो. चेंडू समोर असला की डोळे त्याला चिकटतात आणि हातांना मारायची घाई सुटते. चेंडू नसला की घाई करायला कारणच उरत नाही. होगनचे बहुतेक सराव चेंडूवाचून होतात, हे या पुस्तकाचं मोठं औदार्य आहे. गोल्फचं मैदान ज्याच्या वाट्याला रोज येत नाही त्याच्यासाठीही यात पुष्कळ आहे.

आता एक गोष्ट, जी पुस्तकात ठळक लिहिलेली नाही पण मला वाचताना विसरता येत नाही. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्नजवळ, धुक्यात, समोरून आलेल्या बसने होगनच्या गाडीला धडक दिली. बायकोला वाचवण्यासाठी तो तिच्यावर आडवा झाला. कटीची हाडं दोन ठिकाणी मोडली, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी मोडली. पुढे रक्ताच्या गुठळ्या झाल्या, पायाकडून हृदयाकडे जाणारी मुख्य शीर बांधावी लागली. चालता येईल की नाही याचीच शंका होती. सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून तो मेरियन इथे यूएस ओपन खेळला. त्या काळी शेवटच्या दिवशी ३६ होल्स खेळावे लागत. तो बरोबरीत आला आणि दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल्स खेळून जिंकला. १९५३ मध्ये मास्टर्स, यूएस ओपन आणि कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन अशा तिन्ही त्याच्याकडे आल्या. त्याच्या नऊ मोठ्या विजेतेपदांपैकी सहा या अपघातानंतरची आहेत. आणि अशा माणसाने आठ वर्षांनी लिहिलं की फटक्याचा उत्तरार्ध कमरेपासून सुरू होतो, हातांपासून नव्हे. मोडलेल्या कटीने वळणाऱ्या माणसाचं हे सांगणं आहे. लंगडत चालणाऱ्याला आपलं पाऊल कसं पडतं हे धडधाकट माणसापेक्षा जास्त माहीत असतं. चौथ्या धड्यातल्या कमरेच्या वर्णनात जी बारकाई आहे ती अशाच जाणिवेतून आली असावी, असं मला वाटतं.

तिसऱ्या धड्याच्या तोंडाशी वॅगल येतो. फटका मारण्याआधी खेळाडू क्लब थोडासा मागे-पुढे हलवतो, ती हालचाल. पाहणाऱ्याला ती चाळा वाटते, बऱ्याच खेळाडूंनाही वाटते. होगनने तिला संपूर्ण स्विंगच्या बरोबरीने जागा दिली आहे. स्थिर उभा असलेला माणूस एकदम हालचालीत कसा जाणार? मध्ये काहीतरी हवं. वॅगलमध्ये उजवं कोपर खुब्याच्या पुढच्या भागाला, घड्याळाच्या खिशाच्या जागी, हलकेच लागतं. डावं कोपर किंचित बाहेर येतं. खांदे मात्र वळत नाहीत. प्रत्येक फटक्याचा वॅगल निराळा असतो. चेंडू मऊपणे उचलून हिरवळीवर टाकायचा असेल तर वॅगलही सावकाश. वाऱ्याच्या पोटात शिरणारा जोराचा ड्राइव्ह असेल तर वॅगलही चपळ. म्हणजे ठरवलेला फटका मारायच्या आधीच हातांना सांगून झालेला असतो. डोक्यात काय चाललंय ते इथे बोटांपर्यंत पोचतं. हा भाग वाचल्यावर मी मोठ्या खेळाडूंच्या फटक्याआधीचे दोन-तीन क्षण जास्त लक्षपूर्वक पाहू लागलो आणि त्यात किती फरक असतो ते दिसायला लागलं.

मग हालचालीचा क्रम. मागे जाताना आधी हात, मग बाहू, मग खांदे. हात कमरेच्या उंचीला येता येता खांदे कमरेला ओढतात, कंबर डाव्या पायाला. याच धड्यात ते प्रसिद्ध काचेचं चित्र आहे: चेंडूपासून तिरकी वर जाणारी मोठी काच, तिला भोक पाडून खेळाडूचं डोकं बाहेर आलेलं, काच खांद्यांवर टेकलेली. मागे जाताना हात काचेच्या खाली, तिला समांतर राहिले पाहिजेत. वर उचलले गेले तर काच फुटेल. चित्र इतकं ठसतं की एकदा पाहिल्यावर सरावाच्या रेंजवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर ती काच दिसू लागते. तरीही मला हे चित्र लंबकाइतकं उपयोगी वाटत नाही. काच माणसाला भीती घालते. फुटेल या धाकाने तो हात जपून नेतो, आणि जपून नेलेला हात लयीत जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला, शिकवणाऱ्याला, ती फार कामाची आहे. फटका मारणाऱ्याने ती डोक्यात ठेवू नये.

याउलट याच धड्यातला एक बारीक तपशील माझ्या मनात घर करून आहे. मागे पूर्ण वळल्यावर डावा खांदा हनुवटीला लागला पाहिजे, हे सांगताना होगन आपल्या शर्टांचा दाखला देतो: डाव्या खांद्यावर ठरावीक एका जागी त्याचे सगळे शर्ट झिजलेले असत, कारण हनुवटी तिथेच घासत होती. किती फटके मारले याचा आकडा त्याने दिलेला नाही. कापड झिजलंय, एवढंच. सराव म्हणजे काय, हे मला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही. शिवाय ती झीज एकाच जागी आहे; पसरलेली नाही. शरीर रोज त्याच वाटेने वळत होतं याची ती खूण आहे.

चौथा धडा सगळ्यांत दाट आहे आणि सगळ्यांत धाडसीही. मागे गेलेला क्लब पुढे कसा येतो, या प्रश्नाचं उत्तर पाहून समजत नाही, कारण पुढे येणं मागे जाणं पुरतं संपायच्या आधीच सुरू झालेलं असतं. इथेही होगन सांध्यावर बोट ठेवतो. कल्पना करा, म्हणतो, की तुमच्या डावीकडच्या भिंतीला एक लवचीक पट्टी बांधलीय आणि तिचं दुसरं टोक तुमच्या डाव्या खुब्याला. मागे वळताना पट्टी ताणली जाते. मग ती सुटते आणि खुबा झटकन डावीकडे खेचला जातो. खुब्यामागे खांदे, खांद्यांमागे बाहू, शेवटी हात. हातांना थांबायचंय, पण थांबा असं सांगितल्याने हात थांबत नाहीत. त्यांच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी निघावं लागतं. पट्टी ते काम करते. 'कंबर वळवा' म्हटलं असतं तर वाचकाने ती ढकलली असती. पट्टीने खेचलं जायचं असतं, ढकलायचं नसतं, आणि या दोहोंत स्नायूंना फार मोठा फरक कळतो.

उजव्या हाताने काय करायचं हे सांगताना तो बेसबॉलकडे वळतो. धावत्या चेंडूवर झडप घालून इनफिल्डर अर्धा कडेने, अर्धा खालून चेंडू फेकतो, तशी उजव्या हाताची चाल असते. बेसबॉल न पाहिलेल्या मराठी वाचकाने पॉइंटचा क्षेत्ररक्षक आठवावा: वाकून चेंडू उचलतो आणि ताठ न होताच, कमरेच्या उंचीवरून, यष्टींवर फेकतो. त्यात कोपर पुढे असतं, हात मागे रेंगाळत येतो आणि अखेरच्या क्षणी सुटतो. दोन्ही हातांसाठी बास्केटबॉलमधला दोन हातांचा पास, शरीराच्या उजव्या बाजूने दिलेला. या ओळखीच्या हालचाली शरीराला आधीच येतात, म्हणून होगन नवी हालचाल शिकवण्याऐवजी जुनीची आठवण करून देतो. शिकवण्याची ही पद्धत मला विशेष आवडते. शिकणारा रिकाम्या हाताने आलेला नाही, लहानपणापासून कितीतरी चेंडू फेकून आलेला आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

इथे एक वेगळं पुस्तक शेजारी ठेवून पाहावंसं वाटतं. अर्नेस्ट जोन्स हा इंग्लंडमधल्या चिझलहर्स्टचा व्यावसायिक खेळाडू. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बरा झाल्यावर एका पायावर उभं राहून तो खेळला आणि त्याचा खेळ फारसा बिघडला नव्हता. मग त्याने विचार केला: पाय नसताना चेंडू नीट जातो, तर फटक्याचं मूळ पायांत नि कमरेत असणार नाही, ते हातांनी क्लबचं टोक झुलवण्यात आहे आणि बाकीचं शरीर त्या झुलण्यामागे आपोआप जातं. पुढे न्यूयॉर्कमध्ये, मैदानावर न जाता इमारतीतल्या खोलीत, तो शेकडो लोकांना हे शिकवत राहिला. त्याचं साधन म्हणजे रुमाल आणि त्याच्या एका टोकाला बांधलेला खिशातला चाकू. रुमाल धरून चाकू झुलवा. झुलवला तर रुमाल ताणलेला राहतो आणि चाकू गोलाकार फिरतो. हिसका दिला की रुमाल सैल पडतो. 'स्विंग द क्लबहेड' हे त्याचं पुस्तक १९५२ चं, होगनच्या पाच वर्षं आधीचं.

दोघांचे सिद्धांत समोरासमोर उभे आहेत. एक म्हणतो कंबर आधी, हात शेवटी. दुसरा म्हणतो हात आधी, कंबर मागून. दोघांनीही आपल्या जखमी शरीरातून हे काढलंय. गोल्फ शिकवणारे अजून या दोन बाजूंत वाटलेले आहेत. मला मात्र सिद्धांतांपेक्षा सराव शेजारी ठेवल्यावर जास्त सापडलं. जोन्सचा चाकू झुलवताना हिसका बंद होतो. होगनच्या लंबकात कोपरं छातीशी धरल्यावरही हिसका बंद होतो. हातांनी परस्पर, बाकीच्यांना न विचारता, मारायला धावणं हीच स्विंगमधली मूळ फूट आहे आणि दोन्ही सराव तिच्यावरच काम करतात. एक हातांना इतकं हलकं काम देतो की जोर लावायला जागा राहत नाही; दुसरा त्यांना छातीला बांधून टाकतो. आठवड्यातून एकदा रुमाल आणि रोज लंबक असा क्रम मी कित्येक शिकणाऱ्यांना सुचवला आहे. दोन्ही एकाच शरीरात सुखाने नांदतात.

होगनच्या मांडणीत खटकणाऱ्या जागाही आहेत, आणि त्या लपवण्यासारख्या नाहीत. उजवं पाऊल लक्ष्याच्या रेषेशी काटकोनात ठेवायला तो सांगतो. त्याने कमरेचं वळणं आवरलं जातं आणि खांदे-कंबर यांच्यात ताण साठतो हे खरं, पण तो ताण सोसायला तेवढी लवचीक पाठ हवी. पन्नाशीच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने हे शब्दशः केलं तर पाठ धरते. ग्रिपचंही तसंच. डावीकडे पळणाऱ्या चेंडूला आवर घालण्यासाठी होगनने स्वतःची पकड घडवली होती. बहुसंख्य हौशी खेळाडूंचा चेंडू उजवीकडे वळून पडतो. त्यांनी ही पकड जशीच्या तशी घेतली तर हे उजवीकडे वळणं, म्हणजे स्लाइस, आणखी वाढतं. डाव्या मनगटाचं हाड आघाताच्या क्षणी लक्ष्याकडे उंचावलेलं असावं हा चौथ्या धड्यातला आग्रहही त्याच कुळातला आहे. होगन आपल्या आजारावरचं औषध सगळ्यांना देतो, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. पाचवा धडा उजळणीचा असल्यामुळे साहजिकच फिका आहे. चित्रंही तिथे आधीच्यांइतकी बोलत नाहीत.

तरी पुस्तकात एक कबुली आहे जी या सगळ्या काटेकोरपणाला माणुसकी देते. १९४६ च्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं की असंख्य अवघड गोष्टी तंतोतंत करायचा अट्टाहास शक्यही नाही आणि शहाणपणाचाही नाही; थोडे पायाभूत भाग नीट केले तर खेळावर भरवसा ठेवता येतो. त्याच वर्षी त्याने पहिली मोठी स्पर्धा, पीजीए चॅम्पियनशिप, जिंकली. हे वाचल्यावर त्या सव्वाशे पानांतल्या बारकाव्यांचं ओझं वाटेनासं होतं. लिहिणाऱ्यानेच कशाला धरायचं आणि कशाला सोडायचं ते सांगून ठेवलंय.

म्हणून नवीन वाचकाला मी पुस्तक दुसऱ्या धड्यापासून उघडायला सांगतो. रॅव्हिएलीची बांधलेल्या हातांची चित्रं आधी पाहा, मग मजकूर वाचा, मग सात नंबरचं आयर्न किंवा तेवढ्या लांबीची काठी घेऊन उभे राहा. उजवं पाऊल आपल्या पाठीला झेपेल इतकं बाहेर वळवा. पकड आपला चेंडू कुठे पळतो ते पाहून ठरवा. त्यासाठी कोणातरी जाणत्याची नजर हवी. त्या लंबकाच्या झोक्यात मात्र काही बदलू नका. तो होगनने लिहिला आहे तसाच करा, कोपरं छातीशी, चेंडूशिवाय, आणि गुडघा आपणहून आत येईपर्यंत झोका वाढवू नका.